फुगा फुटल्यानंतरचे चौदा दिवस

न्यूरोसर्जरीच्या आयसीयूबाहेर बाकड्यांवर बसलेल्या नातेवाइकांना डॉक्टरांकडून काहीसं असं ऐकायला मिळतं : ‘‘फुगा बंद केलाय. ऑपरेशन चांगलं झालं. पण आता चौदा दिवस बघायचं.’’ पहिल्या दोन वाक्यांनी हायसं वाटलेल्या घरच्यांना तिसऱ्याचा अर्थच लागत नाही. रक्तवाहिनी फुटली होती, ती बंद झाली. मग आता आणखी काय बघायचं? दुसऱ्या दिवशी पेशंट डोळे उघडतो, मुलीला ओळखतो, चहा मागतो. चौथ्या दिवशी गावी फोन जातात, नवस फेडायच्या गोष्टी निघतात. आणि आठव्या दिवशी सकाळी सिस्टर दोन्ही हात वर करायला सांगते, तेव्हा उजवा हात गादीवरून हलतच नाही. बोलायला जावं तर शब्द तोंडातच अडकतात. तातडीनं स्कॅन होतो. पुन्हा रक्तस्राव झालेला नसतो, लावलेली क्लिप जागच्या जागी असते. तरुण डॉक्टर आपापसांत दबक्या आवाजात म्हणतात, ‘‘स्पॅझममध्ये गेला.’’

फुटलेली पाइपलाइन जोडून झाल्यावर आठवड्यानं घरातलं पाणी का जावं, असा हा प्रश्न आहे. त्याचं एक सरळ, पटण्यासारखं उत्तर १९५१ सालापासून वैद्यकाच्या हाती होतं. ते उत्तर अपुरं असल्याचं कळायला जवळपास साठ वर्षं गेली.

आधी फुगा कुठं येतो ते पाहू. मानेतून वर जाणाऱ्या चार धमन्या मेंदूच्या तळाशी एकमेकींना जोडल्या जातात आणि तिथं त्यांचं एक कडं तयार होतं. शहराभोवतीच्या रिंगरोडसारखं. एक रस्ता बंद पडला तर दुसरीकडून वळसा घालून रक्त पोचावं, अशी ही सोय. ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसनं १६६४ साली मेंदूच्या रचनेवरच्या आपल्या ग्रंथात हे कडं आणि त्याचा उपयोग नीट मांडला, म्हणून ते आजही विलिसचं वर्तुळ म्हणून ओळखलं जातं. त्या ग्रंथासाठी मेंदूची चित्रं काढणाऱ्यांत ख्रिस्तोफर रेन होता. लंडनचं सेंट पॉल कथीड्रल पुढं त्यानंच उभारलं. घुमट आणि मेंदूचा तळ, दोन्हींवर एकाच हाताची रेघ.

या कड्याला जिथं फाटे फुटतात तिथं रक्ताचा मारा सतत भिंतीवर बसतो. भिंत तिथं आधीच जरा पातळ असते. जुन्या टायरला जसा एका बाजूला फुगा येतो, तसा धमनीला येतो. तोच अ‍ॅन्युरिझम. दर शंभर प्रौढांमध्ये साधारण तिघांच्या डोक्यात असा एखादा फुगा असतो आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा आयुष्यभर पत्ताही लागत नाही. धूम्रपान आणि वाढलेलं बीपी यांनी तो फुटण्याचा धोका वाढतो. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो जास्त फुटतो. काही घराण्यांत तो पिढ्यान्‌पिढ्या आढळतो.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. या मोठ्या धमन्या मेंदूच्या मांसात रुतलेल्या नसतात. मेंदूच्या आवरणांपैकी मधलं आवरण कोळ्याच्या जाळ्यासारखं तलम असतं. त्याच्या खाली स्वच्छ पाणी खेळतं आणि त्या पाण्यात या धमन्या डुंबत असतात. फुगा फुटला की रक्त या पाण्यात मिसळतं आणि मेंदूच्या घड्याघड्यांतून पसरतं. पुढच्या चौदा दिवसांचं सगळं रामायण या सांडलेल्या रक्ताचं आहे.

पहिलं संकट मात्र दिवसांचं नसतं, सेकंदांचं असतं. कवटी म्हणजे न ताणणारा, बंद डबा. त्यात मेंदू, पाणी आणि रक्त अशा तीनच गोष्टी. एक वाढली की उरलेल्यांना जागा सोडावी लागते. एडिनबरोच्या अलेक्झांडर मन्रोनं १७८३ साली आणि त्याच्या शिष्यानं, लीथ बंदरातल्या जॉर्ज केलीनं, १८२४ साली हा साधा हिशेब मांडला. एरवी डोक्यातला दाब पाऱ्याच्या १० मिलिमीटरच्या आसपास असतो आणि धमनीतला सरासरी दाब ९०च्या घरात. या दोहोंतली तफावत रक्ताला मेंदूत ढकलते. फुगा फुटला की धमनीतलं रक्त थेट डब्यात घुसतं, डब्यातला दाब काही क्षणांत धमनीच्या दाबाला भिडतो आणि तफावत शून्यावर येते. मेंदूचा रक्तपुरवठा तेवढ्यापुरता जवळजवळ थांबतो. कुणी बाथरूममध्ये, कुणी शेतात, कुणी जिना चढताना ‘‘डोक्यात काहीतरी फुटलं’’ म्हणत खाली कोसळतो तो याचमुळे.

याच दाबाचा एक विचित्र उपकारही असतो. धमनीतला आणि बाहेरचा दाब सारखा झाला की भोकातून रक्त यायचं थांबतं आणि गुठळी धरायला उसंत मिळते. जो दाब शुद्ध घालवतो, तोच कित्येकांचा जीवही वाचवतो. काहींच्या बाबतीत मात्र दाब वेळेत उतरत नाही आणि दवाखान्याची पायरी चढण्याआधीच सगळं आटोपतं.

या धक्क्याचे पडसाद मेंदूबाहेरही उमटतात. डोळ्यांच्या आत रक्तस्राव होऊन दिसेनासं होतं. रक्तात अ‍ॅड्रेनलिनचा असा लोंढा येतो की धडधाकट हृदय काही दिवस अर्ध्या ताकदीनं चालतं. फुगलेल्या हृदयाचा आकार जपानी कोळ्यांच्या ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून त्या अवस्थेला ‘ताकोत्सुबो’ असं जपानी नाव पडलं. ईसीजी पाहून हार्ट अटॅक समजण्याची चूक इथं सहज होऊ शकते, आणि रक्त पातळ करणारं औषध दिलं तर अनर्थ.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो. साठवण काहीच नाही, रोजंदारीवरचा संसार. मेंदूला नेमकं किती रक्त लागतं हे जिवंत माणसात मोजायची रीत १९४०च्या दशकात फिलाडेल्फियात सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी बसवली. माणसाला थोडा नायट्रस ऑक्साइड हुंगायला द्यायचा आणि तो मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूकडून परतणाऱ्या रक्तात किती वेगानं भिनतो ते मोजायचं, अशी ती युक्ती. आकडा निघाला : शंभर ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर. म्हणजे अख्ख्या मेंदूला मिनिटाला पाऊण लिटरच्या आसपास.

हा आकडा खाली घसरू लागला तर काय होतं, ते पुढच्या तीसेक वर्षांत स्पष्ट झालं. साधारण २०च्या खाली गेला की पेशींचं काम थांबतं. हात हलत नाही, शब्द सुचत नाही, पण पेशी मेलेली नसते. १०च्या खाली गेला की ती मरते. या दोन आकड्यांच्या मधल्या पट्ट्यात मेंदू उपाशी आणि मुका असतो, तरीही जिवंत असतो. आठव्या दिवशी न हललेला तो उजवा हात पुष्कळदा याच पट्ट्यातला असतो. म्हणूनच धावपळीला अर्थ असतो.

निरोगी मेंदू या घसरणीला सहसा दाद देत नाही. डेन्मार्कच्या नील्स लासननं १९५९ साली उपलब्ध मोजमापं एकत्र मांडून दाखवलं, की सरासरी बीपी ६० असो की १५०, मेंदूचा पुरवठा जवळपास तेवढाच राहतो. बीपी उतरलं की मेंदूतल्या बारीक धमन्या सैल होतात, चढलं की आवळतात. फुगा फुटल्यानंतर मात्र ही स्वयंचलित तोटी बिघडते आणि पुरवठा बीपीच्या मागे फरफटत जातो. एरवी कळलीही नसती अशी बीपीची उतरंड या दिवसांत माणसाला लुळा करून जाऊ शकते.

फुगा बंद करण्याची कथा रोमहर्षक आहे, पण इथं ती धावतीच सांगितलेली बरी. १९३१ साली एडिनबरोत नॉर्मन डॉटनं फुटलेला फुगा उघडा करून रुग्णाच्याच मांडीचा स्नायू त्यावर दाबून गुंडाळला. १९३७ साली अमेरिकेत बाल्टिमोरला वॉल्टर डँडीनं फुग्याच्या मानेवर चांदीची क्लिप बसवली. १९९०मध्ये लॉस एंजेलिसला ग्वीदो गुल्येल्मी यांच्या प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी मांडीतल्या धमनीवाटे फुग्यापर्यंत नेऊन आत भरली गेली. कवटी उघडायची गरजच उरली नाही. २,१४३ रुग्णांच्या तुलनेचे निष्कर्ष २००२ साली आले. दोन्ही उपाय शक्य असतील अशा रुग्णांत वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी राहिलेल्यांचं प्रमाण क्लिपनंतर ३०.६ टक्के होतं, तारेनंतर २३.७ टक्के. क्लिप असो वा तार, दोन्हींनी पुन्हा फुटण्याचा धोका टळतो. सांडलेलं रक्त मात्र तिथंच राहतं.

आता त्या १९५१च्या उत्तराकडे. रक्तवाहिन्यांत रंग सोडून त्यांचे एक्स-रे काढण्याची, म्हणजे अँजिओग्राफीची, सुरुवात १९२७ साली लिस्बनमध्ये एगास मोनिझनं केली होती. (मोनिझला नोबेल मिळालं ते यासाठी नव्हे, मेंदूचा पुढचा भाग तोडण्याच्या बदनाम शस्त्रक्रियेसाठी. नोबेल समितीचे निर्णय कधीकधी असेही असतात.) न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूसचे आर्थर एकर आणि पॉल रीमनश्नायडर यांना फुगा फुटलेल्या रुग्णांच्या अँजिओग्राफीत एक गोष्ट खटकली. विलिसच्या कड्यातल्या धमन्या आखडून दोऱ्यासारख्या बारीक झाल्या होत्या. निष्कर्ष उघड होता : धमनी आखडते, पाणी जातं, हात लुळा पडतो. या आखडण्याला नाव मिळालं, व्हॅसोस्पॅझम.

गणितही बाजूनं होतं. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच डॉक्टर प्वाझॉयच्या नियमानं दाखवलं होतं, की नळीतला प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतो. व्यास निम्मा झाला तर प्रवाह निम्मा होत नाही, सोळावा हिस्सा उरतो. जिवंत शरीरात हिशेब इतका कोरडा नसतो, कारण पुढच्या बारीक धमन्या सैल होऊन बरंच सांभाळून घेतात. तरीही दोऱ्याएवढी धमनी पाहून कुणाच्याही पोटात गोळा यावा.

या आखडण्याला पंचांग आहे, हे त्याचं सगळ्यांत चमत्कारिक लक्षण. पहिले तीन दिवस काही नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरुवात, सातव्या ते दहाव्या दिवसांत कळस, आणि दोन-तीन आठवड्यांत आपोआप उतार. ‘चौदा दिवस बघायचं’ ते याच हिशेबानं.

बॉस्टनच्या मिलर फिशर यांनी १९८० साली सहकाऱ्यांसह दाखवून दिलं, की पहिल्या सीटी स्कॅनमधलं रक्त पाहून पुढचं भाकीत करता येतं. त्यांच्याकडे फक्त ४७ रुग्ण होते. मेंदूच्या घड्यांमध्ये एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड थर किंवा ठळक गुठळ्या असलेले २४. त्यांतल्या २३ जणांच्या धमन्या पुढं जोरात आखडल्या. इतका स्वच्छ निकाल वैद्यकात क्वचितच लागतो. दोषी सांडलेलं रक्तच, हे ठरलं.

पण रक्त तर धमनीच्या आतही असतंच की! तेच रक्त धमनीला बाहेरून लागलं की एवढं का झोंबावं? याचं उत्तर तांबड्या पेशींच्या आत आहे. बाहेर सांडलेल्या पेशी दोन-तीन दिवसांनी फुटायला लागतात आणि त्यांतलं हिमोग्लोबिन मोकळं होतं. हाच तो तीन दिवसांचा उशीर. धमनीचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सतत किंचित सोडत असतं आणि त्यामुळे भिंतीतला स्नायू सैल राहतो. या शोधासाठी १९९८ साली फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना नोबेल मिळालं. मोकळं हिमोग्लोबिन हा वायू गिळून टाकतं. उलट बाजूनं स्नायू आवळणाऱ्या एंडोथेलिनचा जोर वाढतो. हे द्रव्य १९८८ साली जपानमध्ये मासाशी यानागिसावा आणि सहकाऱ्यांनी शोधलं होतं. कॅनडाच्या ब्राइस वीअर आणि लॉक मॅकडोनल्ड यांनी माकडांवरच्या प्रयोगांत हिमोग्लोबिनवरच बोट ठेवलं. बाहेरून झोंबणारं रक्त दिवसागणिक भिंतीलाही सुजवतं, जाड करतं. त्यामुळे ‘स्पॅझम’ हा शब्द तसा फसवा आहे. पोटरीत गोळा येतो आणि पाच मिनिटांत जातो. हा गोळा दोन आठवडे मुक्काम ठोकतो.

१९८२ साली रुने आस्लीडनं कानशिलाच्या पातळ हाडातून अल्ट्रासाउंड सोडून धमनीतल्या रक्ताचा वेग मोजायची रीत आणली. बागेतल्या पाइपचं तोंड अंगठ्यानं दाबलं की पाण्याची धार जोरात जाते. तसंच आखडलेल्या धमनीत रक्त वेगानं पळतं. सेकंदाला १२० सेंटिमीटरच्या वर वेग गेला की भुवया उंचावतात, २००च्या वर गेला की धावपळ सुरू. आता पेशंटच्या उशाशी उभं राहून रोज धमनी तपासता येऊ लागली. रोग सापडला, कारण सापडलं, मोजायचं यंत्रही मिळालं. उरलं फक्त औषध.

आणि औषधानंच घोळ घातला.

निमोडिपिन हे कॅल्शियमची वाट अडवणारं औषध. स्नायू आवळायला कॅल्शियम लागतं. ते अडवलं की धमनी सैल राहील, या अपेक्षेनं ते आणलं गेलं. १९८९ साली ब्रिटनमधल्या ५५४ रुग्णांच्या चाचणीचा निकाल आला. औषध न घेतलेल्यांपैकी ३३ टक्क्यांच्या मेंदूचा काही भाग रक्ताविना मेला होता, घेतलेल्यांपैकी २२ टक्क्यांच्या. विजयच म्हणायचा. पण अँजिओग्राफी पाहणाऱ्यांना कोडं पडलं, कारण औषधानं धमन्या फारशा सैल झालेल्याच दिसत नव्हत्या. ज्या कामासाठी औषध आणलं ते त्यानं केलं नाही, आणि रुग्ण मात्र वाचले.

यानंतर नेमका उलटा धक्का बसला. एंडोथेलिनला अडवणारं क्लॅझोसेंटान नावाचं औषध तयार झालं. २००८ साली जाहीर झालेल्या ४१३ रुग्णांच्या चाचणीत त्यानं धमन्या खरोखरच मोकळ्या ठेवल्या. मध्यम ते तीव्र आखडण्याचं प्रमाण ६६ टक्क्यांवरून सर्वांत मोठ्या मात्रेत २३ टक्क्यांवर आलं. आता प्रश्न सुटला, असं वाटणं साहजिक होतं. मग अकराशेहून अधिक रुग्णांची मोठी चाचणी झाली आणि २०११ साली तिचा निकाल आला : रुग्णांच्या अंतिम प्रकृतीत म्हणण्यासारखा फरक नाही. (जपाननं पुढं आपल्याकडच्या चाचण्यांच्या जोरावर २०२२ साली या औषधाला मान्यता दिली; त्यामुळे हा वाद अजून मिटलेला नाही.)

एका औषधानं धमनी न उघडता माणसं सुधारली. दुसऱ्यानं धमनी उघडली आणि माणसं होती तशीच राहिली. साठ वर्षं सगळ्यांचं लक्ष नळाच्या जाडीवर खिळलं होतं. इतकी देखणी, पडद्यावर स्वच्छ दिसणारी गोष्ट चुकीची कशी असेल? चुकीची नव्हतीच, अर्धी होती. इशारा तर आकडेवारीत पहिल्यापासून होता : अँजिओग्राफीत आखडणं दोन तृतीयांशपर्यंत रुग्णांत दिसतं, त्रास होतो तो साधारण एक तृतीयांशांना. आणि काहींच्या मेंदूचा जो भाग मरतो, तिथं जाणारी मोठी धमनी चांगली मोकळी असते.

मग उरलेलं अर्धं कुठं होतं? १९४४ सालच्या सशांमध्ये. ब्राझीलचा अरिस्तिदेस लिआँव हार्वर्डमध्ये अपस्माराचा अभ्यास करत होता. सशाच्या मेंदूला टोचल्यावर झटके येण्याऐवजी त्याला भलतंच दिसलं. टोचलेल्या जागेपासून शांततेची एक लाट निघाली आणि मिनिटाला दोन-तीन मिलिमीटरच्या गोगलगाईच्या चालीनं पसरत गेली. लाट जिथून जाईल तिथल्या पेशी काही मिनिटं पूर्ण मुक्या व्हायच्या. गंमत म्हणजे, त्याआधी तीन वर्षं कार्ल लॅशली या मानसशास्त्रज्ञानं स्वतःच्या अर्धशिशीत डोळ्यांपुढं सरकणाऱ्या वेड्यावाकड्या आकृत्या कागदावर उतरवून हिशेब केला होता, की मेंदूत काहीतरी मिनिटाला तीन मिलिमीटर वेगानं सरकत असणार. दोघांना दिसलेली लाट एकच होती, पण माणसाच्या मेंदूत ती रक्तपुरवठ्याचा घात करते हे कळायला बराच काळ जावा लागला.

लाट ओसरली की पेशींना आपल्या बॅटऱ्या पुन्हा चार्ज कराव्या लागतात. त्यासाठी रक्त लागतं, आणि निरोगी मेंदूत तिथल्या बारीक धमन्या लगेच सैल होऊन ते पुरवतात. बर्लिनच्या शारिटे रुग्णालयातले येन्स ड्रायर यांनी उंदरांवर पाहिलं, की फुटलेल्या तांबड्या पेशींतली द्रव्यं आसपास असली की नेमकं उलटं होतं. लाट आली की बारीक धमन्या सैल होण्याऐवजी आवळतात. गरज सर्वांत जास्त, तेव्हाच पुरवठा बंद. मग २००६ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी माणसांतली नोंद दिली. फुग्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी १८ रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर विजेची नोंद घेणारी पट्टी ठेवली होती. त्यांतल्या १३ जणांत या लाटा सापडल्या आणि लाटांचे थवेच्या थवे आले ते प्रकृती ढासळत असताना.

म्हणजे घात हमरस्त्यावर होतो तसाच गल्लीबोळांतही होतो, आणि गल्ल्या अँजिओग्राफीत दिसतच नाहीत. तिथं आणखीही भानगडी असतात : बारीक धमन्यांत सूक्ष्म गुठळ्या धरतात, सूज येते, पहिल्या धक्क्यात दुखावलेल्या पेशी आपल्या परीनं भर घालतात. निमोडिपिनचं कोडंही या अंगानं थोडं उलगडतं. प्रयोगात ते लाटेनंतरचं आवळणं कमी करतं. आता डॉक्टर ‘व्हॅसोस्पॅझम’ आणि ‘उशिरा येणारी रक्ताची टंचाई’ या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. व्याख्याही यंत्रावर नाही, माणसावर बेतलेली आहे : नवा लुळेपणा किंवा वाचादोष, नाहीतर शुद्धीच्या मोजपट्टीवर किमान दोन गुणांची घसरण, आणि तीही निदान तासभर टिकणारी.

त्यामुळेच इतकी यंत्रं असूनही सिस्टरचा तासातासाचा प्रश्न सर्वांत मोलाचा ठरतो. ‘‘नाव काय तुमचं?’’ ‘गेम ऑफ थ्रोन्स’ या मालिकेतली अभिनेत्री एमिलिया क्लार्क २०११ साली, २४व्या वर्षी, लंडनच्या एका जिममध्ये व्यायाम करताना याच आजारानं कोसळली. फुगा तारेनं बंद झाला. सुमारे दोन आठवड्यांनी नर्सनं रोजच्यासारखं नाव विचारलं आणि तिला स्वतःचं पूर्ण नाव आठवेना. तोंडातून निरर्थक शब्द बाहेर पडत राहिले. साधारण आठवड्याभरात वाचा परतली. हे सगळं तिनं २०१९ साली स्वतः लिहून प्रसिद्ध केलं.

उपचारांची कहाणीही चुका करत, सुधारत आलेली आहे. या आजारात रक्तातलं सोडियम उतरतं. एरवी सोडियम उतरलं की पाणी तोडण्याचा परिपाठ असतो, म्हणून इथंही तोडलं जायचं. नेदरलँड्समधल्या वैद्यांनी १९८५ साली जुन्या नोंदी चाळून दाखवलं, की पाणी तोडलेल्यांच्या मेंदूचं नुकसान जास्त झालं होतं. या रुग्णांचं मीठ लघवीतून वाहून जात असतं आणि त्यामागे पाणीही. त्यांना कोरडं ठेवणं म्हणजे आधीच मंदावलेली धार आणखी बारीक करणं. मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. सलाईनवर सलाईन चढवून रक्त पातळ आणि भरपूर करायचं, बीपी वाढवायचं, अशी तिहेरी पद्धत आली. तिनं फुप्फुसांत पाणी भरायला लागलं. आता पाणी बेताचं, ना कमी ना जास्त. लक्षणं दिसली तरच औषधानं बीपी चढवायचं. या बीपी चढवण्याचीही रीतसर चाचणी झाली. ती ४१ रुग्णांवरच थांबवावी लागली आणि तिच्यात मेंदूचा पुरवठा वाढल्याचं काही दिसलं नाही. तरीही बीपी चढवल्यावर लुळा हात उचलला गेल्याचं डोळ्यांनी पाहिलेले डॉक्टर ते सोडायला तयार नाहीत.

भारतात या आजाराच्या वाटेला आणखी एक वळण आहे. चेन्नईचे न्यूरोसर्जन बी. राममूर्ती यांनी १९६९ साली एका लेखात म्हटलं होतं, की भारतात असे फुगे फारच कमी आढळतात. पुढं सीटी स्कॅन आणि अँजिओग्राफी जसजशी पसरली, तसतसे रुग्ण सापडत गेले. त्याआधी कित्येकांची नोंद नुसती ‘झटका आला आणि गेला’ अशी होत असणार. आजही अचानक उठलेल्या भयंकर डोकेदुखीला अर्धशिशी, पित्त किंवा बीपी म्हणून गोळी दिली जाते आणि पेशंट मोठ्या रुग्णालयात पाचव्या-सहाव्या दिवशी पोचतो, धमन्या आखडायला लागल्यावर. तोवर स्कॅनमधलं रक्तही फिकं पडलेलं असतं. मग पाठीतून पाणी काढून पाहावं लागतं. ते पिवळसर असलं तर रक्त सांडून गेल्याची ती खूण.

याच पाठीतल्या पाण्यानं अलीकडे एक नवी वाट दाखवली आहे. विष सांडलेल्या रक्तात आहे, तर ते रक्तच लवकर बाहेर का काढू नये? जर्मनी, स्वित्झर्लंड आणि कॅनडामधल्या २८७ रुग्णांच्या चाचणीत फुगा बंद केल्यावर अर्ध्या जणांच्या कमरेत एक बारीक नळी ठेवली गेली. तासाला पाच मिलिलिटर, म्हणजे सिरपच्या बाटलीबरोबर येणारा एक चमचा, एवढंच पाणी त्यातून ठिबकू द्यायचं. निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. नळी ठेवलेल्यांत सहा महिन्यांनंतर वाईट अवस्थेत असलेल्यांचं प्रमाण ३२.६ टक्के होतं, नळी नसलेल्यांत ४४.८ टक्के. महागडं औषध नाही, नवं यंत्र नाही. भूल देणारा डॉक्टर रोज वापरतो त्या मार्गानं सरकवलेली एक नळी आणि खाली टांगलेली एक पिशवी. पहिल्या दिवशी पिशवीतलं पाणी लाल असतं. फुटत जाणाऱ्या पेशींबरोबर ते नारिंगी होतं, मग सरबतासारखं पिवळं, आणि पुढं हळूहळू निवळत जातं.